हेल्परच्या विम्याचा कागद तिलाही दाखवा : सिंगापुरातल्या मराठी कुटुंबांना खुले पत्र

सिंगापुरात घरी हेल्पर, म्हणजे परदेशातून आलेली घरकामगार, ठेवणाऱ्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

'हेल्परचा इन्शुरन्स संपत आलाय, सगळ्यात स्वस्त कुठला?' आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतच असतं. उत्तरंही ठरलेली असतात. कुणी एजंटचा नंबर टाकतं, कुणी डिस्काउंटची लिंक, आणि एखादा हमखास लिहितो, 'आम्ही हाच घेतलाय, काही प्रॉब्लेम नाही.' प्रॉब्लेम नाही म्हणजे बहुतेक वेळा क्लेम करायची वेळच आलेली नसते. मग प्रश्न विचारणारा पैसे भरतो, पीडीएफ ईमेलमध्ये येऊन पडते आणि दोन वर्षं तिथेच पडून राहते.

मी विमा कंपनीत नाही, एजंटही नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरी वयस्कर सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा आणि मध्य जावातल्या एका खेड्यातून आलेली हेल्पर, असं तुमच्यासारखंच आमचं घर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हा विमा आपण तिच्या नावाने घेतो, पण निवडताना हिशोब फक्त स्वतःचा करतो आणि जिच्यासाठी तो असतो तिला त्याचा पत्ताही नसतो. पुढच्या वेळी पॉलिसी घ्याल तेव्हा ती तिच्या बाजूने वाचून पाहा, आणि तिला शेजारी बसवून वाचा.

आधी कायदा काय मागतो ते बघू, कारण एजंट सगळ्याची एकच मोट बांधून 'पॅकेज' म्हणून देतो आणि त्यात कुठला भाग कुणाच्या कामाचा हे कळेनासं होतं. मनुष्यबळ मंत्रालयाला, म्हणजे एमओएमला, तीन गोष्टी लागतात. एक वैद्यकीय विमा : रुग्णालयात दाखल होण्यासाठी आणि एका दिवसात घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी, वर्षाला किमान ६०,००० सिंगापूर डॉलरचा. दुसरा वैयक्तिक अपघात विमा, तोही किमान ६०,००० डॉलरचा. आणि तिसरा सिक्युरिटी बाँड : हेल्पर मलेशियाची नसेल तर ५,००० डॉलरची हमी. यातली तिसरी गोष्ट विमा नव्हेच. परमिटच्या अटी पाळल्या जातील अशी ती आपण सरकारला दिलेली हमी आहे आणि विमा कंपनी आपल्या वतीने तिच्यावर सही करते. पहिल्या दोन गोष्टी तिच्यासाठी आहेत. तरी घराघरांत सगळ्यात जास्त चर्चा होते ती तिसरीची.

वैद्यकीय विम्याचा इतिहास फार जुना नाही. परदेशी कामगारांना सरकारी रुग्णालयांत मिळणारी सबसिडी बंद झाली आणि त्यापाठोपाठ २००८ पासून हा विमा सक्तीचा झाला. सुरुवातीला मर्यादा ५,००० डॉलर होती, २०१० मध्ये ती १५,००० झाली आणि पुढे तेरा वर्षं तिथेच राहिली. या काळात इथल्या रुग्णालयांची बिलं कुठल्या कुठे गेली हे तुम्हाला सांगायला नको. १ जुलै २०२३ पासून मर्यादा ६०,००० वर आली, पण तिच्यासोबत एक मेख आली. पहिले १५,००० डॉलर कंपनी पूर्ण भरते. त्यापुढच्या रकमेतले ७५ टक्के कंपनीचे आणि २५ टक्के आपले.

आकड्यांत मांडते. समजा बिल ४०,००० डॉलर झालं. जुन्या नियमात कंपनी १५,००० देऊन मोकळी होई आणि उरलेले २५,००० घरावर येत. नव्या नियमात वरच्या २५,००० मधले १८,७५० कंपनी देते आणि ६,२५० आपल्याला भरायचे असतात. बिल ६०,००० ला टेकलं तर आपला वाटा ११,२५० होतो. त्याच्याही वर गेलं तर वरचं सगळं आपलंच. म्हणजे 'आता साठ हजारांचा विमा आहे, काळजी नाही' हे वाक्य अर्धवट आहे. आपला हा वाटा माफ करणारं जोडकव्हर बऱ्याच कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन देतात. माझ्या मते या सगळ्या बाजारात डोळे झाकून घ्यावी अशी हीच एक गोष्ट आहे.

यात एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कंपनीने क्लेम नाकारला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. वर्क परमिटच्या अटींनुसार तिच्या उपचाराचा खर्च मालकाचा आहे, मग विमा पुरो अथवा न पुरो. तो पगारातून कापता येत नाही. विम्याचा हप्ताही तिच्याकडून वसूल करता येत नाही. ही जबाबदारी आधीपासूनच आपल्या डोक्यावर आहे. विमा त्या जबाबदारीचं ओझं थोडं हलकं करतो, इतकंच. त्यामुळे स्वस्तातली पॉलिसी घेऊन आपण जे पैसे वाचवतो, ते तिच्या आजारपणावर लावलेल्या पैजेचे असतात.

आमच्या ओळखीच्या एका घरात काय झालं ते सांगते. त्यांच्या हेल्परच्या पोटात दुखायचं. ती दुकानातल्या पित्तावरच्या गोळ्या स्वतःच्या पैशाने आणून खायची आणि कुणाला काही बोलायची नाही. एका रात्री उलट्या थांबेनात, तेव्हा तिला इमर्जन्सीमध्ये न्यावं लागलं. पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली. क्लेमचं काय व्हायचं ते यथावकाश झालं. पण इतके दिवस का सांगितलं नाहीस असं विचारल्यावर ती म्हणाली की मला वाटलं खर्च पगारातून कापतील, आणि मोठं काही निघालं तर घरी पाठवून देतील. त्या घरात तिच्या नावाची व्यवस्थित पॉलिसी होती. घरची माणसंही चांगली होती. फक्त तुझा विमा आहे आणि त्यात हे बसतं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या जागी राहून विचार करा. गावी कर्ज काढून आलेली बाई, सुरुवातीचे काही महिने पगारातला मोठा हिस्सा एजन्सीने नोकरी लावून दिल्याच्या, म्हणजे प्लेसमेंटच्या, कर्जात जातो. दर सहा महिन्यांनी तिची सक्तीची वैद्यकीय तपासणी होते. त्यात गर्भधारणा बघतात, काही वेळा क्षयरोग, एचआयव्हीही, आणि निकालावर तिचा इथला मुक्काम ठरतो. डॉक्टरकडे जाणं म्हणजे नोकरी जाण्याची शक्यता, हे समीकरण तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अशा बाईला 'बरं वाटत नसेल तर सांग हं' एवढं म्हणून भागत नाही. कागद समोर ठेवून, बोट ठेवून दाखवावं लागतं की हे पैसे कंपनी देणार, हे आम्ही देणार, तुझ्या पगाराला हात लागणार नाही.

आता बाह्यरुग्ण उपचारांबद्दल. सक्तीच्या विम्यात ते नाहीत. ताप, पाठदुखी, त्वचेचं काही, रक्तदाबाच्या गोळ्या हा सगळा खर्च थेट आपल्या खिशातून, आणि पॉलिक्लिनिकमध्येही, म्हणजे सरकारी दवाखान्यातही, तिला सबसिडीविना दर लागतो. आपल्यातल्या बऱ्याच घरांत मग काय होतं? मुलाच्या उरलेल्या सिरपपासून सासूबाईंच्या क्रोसिनपर्यंत घरातलाच औषधांचा डबा उघडतो. एखाद्या सर्दीला ते ठीक आहे. पण चाळिशीतल्या, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या गुडघ्याला किंवा वाढलेल्या साखरेला हा डबा पुरत नाही, आणि वेळेवर न पाहिलेला आजारच पुढे रुग्णालयाच्या बिलापर्यंत जातो. बाह्यरुग्ण कव्हर असलेल्या पॉलिसी मिळतात. त्यांना मर्यादा असते, ठरावीक क्लिनिकची यादी असते. ती यादी आपल्या ब्लॉकच्या आसपासची आहे ना, एवढं बघा. नाहीतर पुंगोलमध्ये राहणाऱ्या बाईला तापात पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंगला पाठवायची वेळ यायची.

जोडकव्हरांच्या यादीवरून नजर फिरवली की घराघरांतला प्राधान्यक्रम कळतो. बाँडची रक्कम सरकारने जप्त केली तर कंपनी ती भरते आणि मग आपल्याकडून वसूल करते. ती वसुली अगदी थोड्या रकमेवर आणणारा 'वेव्हर' असतो. त्यावर आपण न चुकता टिक करतो. हेल्परने चोरी केली तर भरपाई, ती मध्येच गेली तर नवी आणायचा खर्च, ती रुग्णालयात असेल त्या काळातल्या लेव्हीची, म्हणजे तिच्यासाठी सरकारला दरमहा भरायच्या शुल्काची, परतफेड, या सगळ्यांवर टिक. बाह्यरुग्ण उपचारावर मात्र 'नको, उगाच महाग होतं.' यात बेकायदेशीर काही नाही, आणि वेव्हर घेऊ नका असंही मी म्हणत नाही. पण एकदा तो फॉर्म उघडून बघाच. आपण टिक केलेल्या चौकटींपैकी तिच्या उपयोगाच्या किती, ते आपोआप दिसेल. आणि महाग म्हणजे तरी किती? सवलत न मिळणारं घर महिन्याला ३०० डॉलर लेव्ही भरतं, म्हणजे दोन वर्षांत ७,२०० डॉलर. सवलतीची ६० डॉलर लेव्ही धरली तरी १,४४०. त्यापुढे साध्या आणि बऱ्या पॉलिसीतला फरक दिवाळीच्या एका पार्टीच्या केटरिंगपेक्षा जास्त नसतो.

बाँडबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्याच्या भीतीने चांगली चांगली माणसं विचित्र वागतात. पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवणं, सुट्टीच्या दिवशी बाहेर सोडायला कां-कूं करणं, फोन तपासणं, सगळं 'पाच हजार जातील' म्हणून. वस्तुस्थिती अशी आहे की तिने स्वतःच्या परमिटच्या अटी मोडल्या, गर्भवती राहिली वगैरे, आणि कळताच तुम्ही मंत्रालयाला कळवलंत, तर त्यासाठी तुमचा बाँड जात नाही. ती निघून गेली आणि तुम्ही शोधायचा रीतसर प्रयत्न केलात, पोलिसांत तक्रार दिलीत, तर निम्मेच, म्हणजे २,५०० जातात. आणि त्यासाठीच तर आपण वेव्हर घेतलेला असतो ना? मग तिचा पासपोर्ट कपाटात कशाला? पासपोर्ट अडकवून ठेवणं हा इथे गुन्हा आहे. महिन्यातली किमान एक सुट्टी तर २०२३ पासून पैसे देऊनही विकत घेता येत नाही.

आता अपघात विमा. हा विषय मला सगळ्यात जास्त टोचतो. आपल्या घरांतली कामं डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आधी खिडक्या पुसणं, माळ्यावरची भांडी काढणं, चकल्या-अनारशांची तळणी, गणपतीत मोदकपात्राची वाफ, आजोबांना आंघोळीला उचलणं. उंच इमारतींतल्या खिडक्या पुसताना पडून हेल्पर दगावल्याच्या घटना घडल्या, तेव्हा २०१२ मध्ये सरकारने नियम केला : खिडकीला ग्रिल हवं, ते कुलूपबंद हवं आणि घरातलं मोठं माणूस तिथे उभं हवं, तरच बाहेरची बाजू पुसायला सांगता येते. आपल्याकडे हा नियम माहीत नाही असं कुणी नाही. तरी दसरा उलटला की कित्येक गॅलऱ्यांतून स्टूलवर उभी राहिलेली बाई दिसतेच.

अशा वेळी हात भाजला, मनगट मोडलं तर काय? अपघात विमा प्रामुख्याने मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो. इथल्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात काम करणाऱ्याला कामावर दुखापत झाली तर कामगार भरपाईचा कायदा लागू होतो : उपचाराचा खर्च, रजेतला पगार, कायमच्या हानीची भरपाई, सगळं त्यात ठरवून दिलेलं आहे. घरकामगार त्या कायद्यातून वगळलेले आहेत. त्यांच्यासाठी हा ६०,००० डॉलरचा विमा, जो २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत ४०,००० चाच होता. त्या कायद्यात मृत्यूची जी किमान भरपाई आहे तीसुद्धा ६०,००० पेक्षा जास्त आहे, आणि कमाल दोन लाखांच्या पुढे. हाँगकाँगमध्ये घरकामगारांना कामावरच्या दुखापतीचा सर्वसाधारण कायदाच लागू आहे आणि त्याचा विमा मालकाला काढावाच लागतो. तिथे जमतं ते इथे का जमू नये, हा प्रश्न मंत्रालयाला विचारायचा. पण ६०,००० ही किमान रक्कम आहे. त्याहून जास्त घ्यायला कुणी आपला हात धरलेला नाही.

भरपाई तिला किंवा तिच्या वारसांना मिळाली पाहिजे, अशी या विम्याची अटच आहे. पण वारस कोण, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? गावाकडे आई आहे की बहीण, मूल कुणाकडे वाढतंय, नवऱ्यापासून वेगळी झाली आहे का, त्यांचा फोन नंबर कोणता? हे विचारायला अवघड वाटतं, अशुभही वाटतं. आपल्या एलआयसीच्या फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहिताना वाटत नाही ते इथे वाटतं. तरी विचारा आणि लिहून ठेवा. नंतर इंडोनेशियातल्या पोन्टियानाकजवळच्या किंवा म्यानमारमधल्या चिन टेकड्यांतल्या एखाद्या गावात फोन लावायची वेळ आलीच, तर निदान नंबर एजंटच्या जुन्या फायलीत शोधावा लागू नये.

गावाकडच्या ओळखीच्या मावशींनाच इथे आणू, असा विचार काही घरांत चालतो म्हणून एक आडवाटेची माहिती. भारत मान्यताप्राप्त देशांच्या यादीत आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्या बाईचं वय २३ ते ५० मध्ये हवं आणि किमान आठ वर्षांचं शिक्षण हवं, त्यामुळे बहुतेक मावशी तिथेच बाद होतात. शिवाय ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारची मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर, आखातात जाणाऱ्या कामगारांना भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे, अपघाती मृत्यूला दहा लाख रुपये. सिंगापूर त्या देशांच्या यादीत नाही, म्हणून तीही आपोआप मिळत नाही. तेव्हा तिच्या पाठीशी असेल ते सगळं आपण इथे घेतलेल्या पॉलिसीतच. आपण पुण्या-मुंबईहून, ठाणे-नाशिकहून आलो. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण भांडीवाल्या मावशींचा विमा काढलाय असं घर आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नसेल. ती सवय घेऊन आपण इथे आलो आहोत, आणि इथे सरकार सक्ती करतं म्हणून नाइलाजाने भरतो, हे मान्य करायला हरकत नसावी.

'पण आम्ही तिला अगदी घरच्यासारखं ठेवतो,' हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलं आहे, आणि ते पुष्कळदा खरंही असतं. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला हॉलच्या मागच्या रांगेत प्रॅम घेऊन बसलेल्या या बायकांना आपण प्रसादाचं ताट आधी देतो, वाढदिवसाला केक आणतो, गावी जाताना बॅग भरून देतो. ते सगळं चालू राहू दे. फक्त घरच्या माणसाला आपला मेडिक्लेम कुठला, कार्ड कुठे ठेवलंय, हे माहीत असतं. तिला का नसावं?

करायला एक रविवारची दुपार पुरते. पॉलिसीतला लाभांचा तक्ता एका पानावर उतरवा. भाषांतराच्या अ‍ॅपने त्याचं इंडोनेशियन, बर्मी किंवा तगालोग करून घ्या. अगदी अचूक नसलं तरी चालेल, तिच्यासमोर बसून समजावता येतं. पॉलिसी नंबर आणि कंपनीचा चोवीस तासांचा फोन तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. आपण सुट्टीत भारतात गेलेलो असताना ती आजारी पडली तर कुणाला फोन करायचा, इथल्या कुठल्या शेजाऱ्याने तिच्यासोबत रुग्णालयात जायचं, तेही ठरवून ठेवा. आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही विनंती आहे की वर्षात इतके कार्यक्रम होतात, त्यात एक संध्याकाळ या विषयाला द्या आणि त्या संध्याकाळी हेल्परांना मुलं सांभाळायला मागे बसवू नका, पुढे बसवा.

शेवटी तारखेचं बघा. १ जुलै २०२५ पासून सुरू झालेल्या पॉलिसींना नवे नियम लागू आहेत : क्लेम कोणत्या कारणांनी नाकारता येईल याची यादी सगळ्या कंपन्यांसाठी सारखी झाली, कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देते आणि पन्नाशीच्या आतल्या व पुढच्या हेल्परसाठी हप्ते वेगळे झाले. पॉलिसी बहुधा २६ महिन्यांची असते. म्हणजे तुमची त्या तारखेच्या थोडी आधी सुरू झाली असेल, तर २०२७ च्या ऑगस्टच्या सुमारापर्यंत ती जुन्याच अटींवर चालणार आहे. तेव्हा ईमेलमध्ये शोधा, सुरू झाल्याची तारीख कोणती आहे ते पाहा, जुनी असेल तर त्यातलं वगळलेल्या आजारांचं पान नीट वाचा आणि काही अडलं तर कंपनीलाच लेखी विचारा. ग्रुपवर विचारू नका. तिथे उत्तर येईल, 'आम्ही हाच घेतलाय, काही प्रॉब्लेम नाही.'

आपली,
पुंगोलमधली एक शेजारीण